सगळ्यांनाच स्नायपर व्हायचंय

नुसत्या गोळ्या घालून जिंकता येत नाही, असा गोळीबाराचा एक खेळ २०१० साली अमेरिकेत निघाला. नाव ‘मंडे नाइट कॉम्बॅट’. वॉशिंग्टन राज्यातल्या ‘उबर एंटरटेनमेंट’ या कंपनीने तो ऑगस्टात एक्सबॉक्सवर आणला आणि पुढच्या जानेवारीत कॉम्प्युटरवर. टॅक्सीवाल्या उबरशी या उबरचं काही नातं नाही. टॅक्सीवाली तरी मुरबाडच्या पुढे कुठे येते? मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावर असलेल्या आमच्या टोकावड्याला यायचं तर एसटी नाहीतर वडाप, आणि दोन्हींत बसायला मिळणं हा वेगळाच खेळ आहे. कल्याण-मुरबाड रेल्वेचं म्हणाल तर ती अनेक निवडणुकांपासून येतेच आहे.

तर खेळ असा. दोन संघ. दोघांकडे पैशाने भरलेला एकेक भलामोठा गोळा, ‘मनीबॉल’. आपला राखायचा, समोरच्याचा फोडायचा. पण गोळ्याभोवती ढाल असते, आणि ती माणसाच्या बंदुकीने उतरत नाही. तुम्ही दिवसभर नेम धरून बसा, शंभर शत्रू लोळवा, ढालीला ओरखडा येणार नाही. ती उतरवतात बॉट. म्हणजे ठरलेल्या वाटेने खाली मान घालून चालत जाणारी यंत्रं. ती वाटेत मोडतात, मागून दुसरी येतात, तीही मोडतात. त्यातली चार जरी गोळ्यापर्यंत पोचली तरी खेळ फिरतो. वाटेच्या कडेला मनोरे उभारायच्या जागा ठरलेल्या. पैसे कमवा, मनोरा बांधा, तो आपोआप गोळ्या झाडतो. एक मनोरा नुसता बर्फ मारून येणाऱ्याला मंदावतो. आमच्याकडे हे काम टोकन देणारी खिडकी करते.

हा सगळा प्रकार टीव्हीवरचा सामना म्हणून रंगवलेला. वर समालोचक घसा फोडत असतो, जाहिराती झळकतात आणि मध्येच शुभंकराचा वेष चढवलेला एक माणूस मैदानात नाचत येतो. त्याला गोळ्या घातल्या की पैसे सांडतात. आमच्याकडे असे पाच वर्षांतून एकदा येतात, आणि पैसे सांडायला गोळ्या घालाव्या लागत नाहीत.

खेळाडू सहा प्रकारचे. असॉल्ट, टँक, गनर, असॅसिन, स्नायपर आणि सपोर्ट. पहिल्या पाचांचं काम नावावरूनच कळतं. सहावा जखमी साथीदाराला बरं करतो, मनोऱ्यांची डागडुजी करतो, शत्रूच्या मनोऱ्यात बिघाड करतो. पोट सुटलेला, अंगाने आडवा, दिसायला अजिबात हिरो नाही. आणि ज्या संघात तो नाही, तो संघ हरायला बसलेला असतो.

आता सांगा, खेळ सुरू होताना पोरं काय निवडत असतील? स्नायपर. सहाच्या सहा जण स्नायपर. लांब टेकाडावर बसायचं, दुर्बिणीतून बघायचं, एका गोळीत डोकं उडवायचं आणि खाली मनोरा पडला की माइकवर ओरडायचं, “अरे तिकडे कोण बघतंय का नाय?”

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय, असं तुम्हाला वाटलं असेल. ग्रामसभेत ऐकलंय तुम्ही.

टोकावड्याच्या पोरांनी हा मंडे नाइट काही खेळलेला नाही. तो आला तेव्हा एक्सबॉक्स घेणारं घर या रस्त्यावर शोधावं लागलं असतं. पोरांच्या हातात आहेत ते बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स. यांत मनोरे नाहीत, गोळा नाही, डागडुजी तर नाहीच. विमानातून उडी मारायची आणि शेवटचा जिवंत माणूस होऊन दाखवायचं, एवढाच हिशेब. पण चौघांचा गट असला की तिथेही वर्णव्यवस्था तयार होते. ज्याचा फोन भारी तो पुढे. ज्याच्या फोनची काच फुटलेली, तो मागे. आणि सगळ्यांत धाकटा चुलतभाऊ असतो त्याचं काम एकच, कोणी पडला की पळत जाऊन उठवायचं. “रिव्हाइव दे रे! कव्हर दे! औषध टाक!” धाकटा पळतो, औषध टाकतो, आणि औषध टाकताना मरतो. मग तिघं मिळून त्याला शिव्या घालतात.

सरकारने या खेळांना आवरायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ११८ ॲपांवर बंदी आली, त्यात पबजी गेला. जुलै २०२१ मध्ये तोच बीजीएमआय हे नवं भारतीय नाव लावून आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, त्याचा थोरला भाऊ फ्री फायर मॅक्स मात्र जागच्या जागी राहिला. रानडुकराला बांधावरून हुसकावलं की ते कुंपणाला वळसा घालून पलीकडच्या भोकातून शिरतं, तसंच हे. फरक एवढाच, की डुकराला दरवेळी नवं नाव घ्यावं लागत नाही.

डुकराचा विषय निघालाच आहे तर तोच बोलू. कारण मनोरे राखायचा खेळ या भागात ज्यांना खरोखर येतो, त्यांच्या हातात फोन नाही. असला तर बटणांचा.

गणपती गेले, नवरात्र आलं, की भात निसवतं. लोंबीत दूध भरतं आणि जंगलाला ते कळतं. कसं कळतं देव जाणे, पण ग्रामसेवकापेक्षा लवकर कळतं. मग खाचराच्या कडेला चार मेढी रोवून वर माळा उभा राहतो. वर पेंढा, आत घोंगडी, एक बॅटरी, आणि रात्रभर जागं राहायला एक माणूस. डुकरं एकदम येत नाहीत. आधी एखादं येऊन बघून जातं. मग कळप. तो हुसकावला की तासाभराने दुसरा. पहाटे डोळा लागायच्या वेळेला सगळ्यांत मोठा. अमेरिकेत बसून खेळ तयार करणाऱ्यांनी हल्ल्याच्या लाटा अशाच रचल्या आहेत, शेवटची सगळ्यांत जड. त्यांना हे सुचायला पगार मिळत होता. डुकरांना ते फुकट सुचतं. शिवाय डुकराची वाट ठरलेली असते. ओढ्यातून वर, मोहाखालून बांधावर. पिढ्यान्‌पिढ्या तीच. म्हणून माळा कुठे बांधायचा हे आज्याला ठाऊक असतं आणि नातवाला गुगल मॅपवर सापडत नाही.

आणि भूमिका बघा. गोफणवाला एक. त्याचा दगड डुकराला लागायची गरज नसते, कानाजवळून गेला तरी पुरतो. एक डबा वाजवणारा. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी, आवाज दोन वाड्या पलीकडे. एक शेकोटी राखणारा. एक कुत्रं, जे भुंकतं पण पुढे जात नाही, ते सल्लागार. दिवसा पाखरांवर पोरं आणि बायका. आणि संध्याकाळी भाकरी घेऊन माळ्यावर येणारी म्हातारी, जिच्याशिवाय वरचा माणूस दुसऱ्या रात्री माळ्यावर चढणारच नाही. बुजगावणंही असतं. सगळ्यांत स्वस्त मनोरा. खर्च एक फाटका सदरा आणि एक मडकं. दोन दिवस काम करतं, तिसऱ्या दिवशी पाखरं त्याच्या खांद्यावर बसतात. तरी ते काढत नाहीत. काही खुर्च्यांवरही माणसं अशीच ठेवलेली असतात.

या सगळ्यांत स्नायपर कोणी नाही, हे लक्षात घ्या. डुक्कर मारायचं नसतंच. मारायला वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगी येईपर्यंत कापणी उरकते. तारेत वीज सोडून मारणारे आहेत, त्यात डुकराच्या आधी माणूस मरतो आणि तो गुन्हा आहे. राखणदाराचं यश म्हणजे सकाळी काहीही घडलेलं नसणं. भात उभं. रात्री काय झालं? काही नाही. याचा फोटो निघत नाही. याचं स्टेटस ठेवता येत नाही. मारलेल्याचा आकडा वर झळकत नाही. खेळात एकेक बॉट फुटला की नाणी खणखणतात. इथे रात्रीत तीन कळप परतवले तर सकाळी मिळतो एक कप कोरा चहा.

म्हणूनच पोरगा माळ्यावर बसत नाही. आळशी आहे म्हणून नव्हे. रात्री दोनपर्यंत तो जागाच असतो, डोळे तारवटून, शत्रूची चाहूल घेत. फक्त वेगळ्या जंगलात. माळ्यावरचा आजा आणि पडवीतला नातू, दोघंही एकाच वेळी दबक्या आवाजात बोलतात, “आला, आला, डाव्या बाजूनं आला.” आज्याचं डुक्कर असतं. नातवाचा समोरचा बहुधा इंदूर किंवा गुवाहाटीचा दुसरा नातू असतो.

मंडे नाइटच्याच जातीचा दुसरा एक खेळ आहे, २०१४ सालचा, ‘प्लँट्स व्हर्सेस झाँबीज : गार्डन वॉरफेअर’. त्यात बाग राखायची असते आणि राखणारं पीकच असतं. वाटाणा गोळ्या झाडतो, सूर्यफूल जखमींना बरं करतं, निवडुंग लांबून नेम धरतो. चार जण मिळून बागेवर येणाऱ्या लाटा परतवतात, कुंड्यांतली रोपं मधेमधे लावून मोर्चे बांधतात. हा खेळ मला फार आवडला. शेतकऱ्याने काहीच करायचं नाही, पीक स्वतःचं स्वतः बघून घेईल! कृषी धोरण बहुतेक असंच कुठेतरी बघून ठरत असावं.

आणि धोरण ठरवणारे खेळतच नाहीत, असं म्हणवत नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवर रमी दिसली. रोहित पवारांनी व्हिडिओ टाकला, राज्यभर फिरला. कोकाट्यांचं म्हणणं, आपण खेळत नव्हतो, फोनवर उगवलेला खेळ घालवत होतो. आपण विश्वास ठेवू. नको असलेलं आपल्या हद्दीत शिरलं की ते घालवायला किती वेळ लागतो, हे कृषिमंत्र्याला त्या निमित्ताने समजलं असेल तर वाईट काय? महिना सरता सरता त्यांच्याकडून कृषी काढलं आणि क्रीडा खातं दिलं. एवढी समर्पक बदली प्रशासनाच्या इतिहासात क्वचित झाली असेल.

त्याच्या पुढच्या महिन्यात दिल्लीने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आणला. २० ऑगस्टला लोकसभेत मांडला आणि मंजूर, २१ला राज्यसभेत मंजूर, २२ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवस. भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हनसुद्धा त्या धक्क्याने उतरलं. इतक्या वेगाने या देशात काही होऊ शकतं, हे बघून आमच्याकडचे लोक चक्रावले. कारण त्यांना पंचनामा माहीत आहे.

डुकराने पीक खाल्लं की भरपाई वनखातं देतं. तशी तरतूद आहे, अर्ज आहे, मुदत आहे. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस पाहिजे, कृषी खात्याचा पाहिजे आणि तलाठी पाहिजे. आता वन, कृषी आणि महसूल या तीन खात्यांची तीन माणसं एकाच दिवशी एकाच बांधावर उभी करून दाखवणं, ही मंडे नाइटमधली सगळ्यांत अवघड पातळी समजा. वनवाला आला तर तलाठी मीटिंगला. तलाठी आला तर कृषीवाला दुसऱ्या गावात. तोवर डुक्कर पुन्हा येऊन उरलेलं खाऊन गेलेलं, म्हणजे पुरावाही गेला. नुकसान दाखवायला निदान थोडं पीक उभं असावं लागतं. सगळं गेलं तर इथे पीक होतं कशावरून?

कुणी म्हणेल, तुम्ही डुकरावरून फार मोठ्या गोष्टीला हात घालताय. तर मोठी गोष्टही याच रस्त्यावर आहे. टोकावड्यावरून माळशेजकडे निघालात की पुढे वैशाखरे लागतं. तिथून उजवीकडे वर बघा, नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी बंदरावरचा माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला चढायचा. मधे एकच अरुंद खिंड, म्हणजे येणाऱ्याला दुसरा मार्ग नाही. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण, जकातीचा म्हणून दाखवतात. गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख, केलेल्या यज्ञांचा आणि दिलेल्या दक्षिणेचा हिशेब. आणि वाटेवर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी. खाली कोकणात मोरोशीचा भैरवगड. ठरलेली वाट, कडेला मनोरे, मध्ये पैशाचं भांडं. अमेरिकेतल्या पोरांनी २०१० साली फक्त रंग भरले. आता शनिवार-रविवारी तिथे ट्रेकर येतात, रांजणाच्या काठावर हात ठेवून फोटो काढतात आणि विचारतात, यात पैसे कुठे टाकायचे? टाका की. टोलनाक्यावर टाकायची सवय आहेच.

मनोरे राखण्याऐवजी पाडण्याचा डावही याच तालुक्याच्या रानात झालाय. तो मात्र खेळ नव्हता आणि त्याबद्दल मला थट्टा करायची नाही. १९४२ साली माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता कर्जत-मुरबाडच्या जंगलात उतरला. सह्याद्रीतल्या टाटांच्या वीजकेंद्रांतून मुंबईला वीज जायची, त्यावर गिरण्या चालायच्या, रेल्वे चालायची. ती वीज वाहणारे लोखंडी मनोरे या रानातून गेलेले. दस्त्याने रात्री जाऊन मनोऱ्यांचे पाय कापले आणि ते आडवे केले. साम्राज्याकडे बंदुका भरपूर होत्या, पण रानातल्या प्रत्येक मनोऱ्याखाली एक जागा माणूस बसवणं त्यालाही जमण्यातलं नव्हतं. माळ्यावर कोण बसणार, हा प्रश्न तेव्हाही होताच. बक्षीस लागलं, शोध सुरू झाला, खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

दर २ जानेवारीला सिद्धगडाखाली गर्दी होते. हार होतात, भाषणं होतात. व्हावीत. पण मनोरे पाडायला जाण्याआधी कोतवालांनी काय केलं, ते भाषणांत दोन ओळींत उरकतं. सावकाराच्या दारात शेतकऱ्याला जावं लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या काढल्या, गावोगाव शाळा काढल्या. म्हणजे बंदूक नंतरची. आधी कित्येक वर्षं सहाव्या खेळाडूचं काम. आणि तेच काम पुढे कामी आलं, कारण भूमिगत माणसाला रानात भाकरी लागते आणि भाकरी ओळख असलेल्या घरातूनच येते. अंधारात भाकरी पोचवणाऱ्या त्या घरांतल्या बायकांची नावं व्यासपीठावरच्या किती जणांना सांगता येतील, हे एकदा माइक फिरवून बघायला हरकत नाही.

माइक फिरवणार कोण, हा प्रश्न आहेच. व्यासपीठावर सगळे स्नायपर.

नाक्यावरचे बॅनर वाचा हवं तर. ‘कार्यसम्राट’, ‘युवा हृदयसम्राट’, ‘डॅशिंग’, ‘वादळ’. बॅनरवर गॉगल, खाली छप्पन्न शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. ‘पावसाआधी मोरी साफ करून ठेवल्याबद्दल अमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असा बॅनर कुणी पाहिला असेल तर मला कळवा, मी स्वखर्चाने हार घेऊन येतो. नळ पाणी योजनेचं उद्घाटन करायला नारळ घेऊन अर्धा तालुका येतो. सहा महिन्यांनी मोटार जळाली की ती काढायला एक वायरमन आणि त्याचा मेहुणा. शाळेची इमारत बांधणारा कंत्राटदार जीपमधून फिरतो, गळकं छप्पर शाकारणारा मास्तर स्वतःच्या खिशातून ताडपत्री आणतो. मंडे नाइटवाल्यांनी एवढी सोय तरी केली होती, की मनोरा दुरुस्त करणाराही खेळाडूच होता. आपल्याकडे दुरुस्तीचं बिल मंजूर होत नाही. नव्या बांधकामाचं होतं. म्हणून जुनं पडू द्यायचं, हे आपलं मनोरा-शास्त्र.

त्या अमेरिकन खेळाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. २०१२ मध्ये त्याचा फुकटातला धाकटा भाऊ आला, ‘सुपर मंडे नाइट कॉम्बॅट’. खेळणारे कमी होत गेले तरी सर्व्हर चालू होते. मे २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे खेळात बदल करायचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून कंपनीने हा धाकटा खेळच बंद केला. स्नायपर राहिले बाजूला, टँक राहिले, मनोरे राहिले, आणि नियमाच्या एका कागदाने सगळ्यांना एकाच दिवशी गारद केलं. तलाठ्याला हे ऐकवलं तर त्याला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

कागदावरून आठवलं. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीक विम्यात घेणार, असं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, २०२६ च्या खरिपापासून. बातमी चांगलीच आहे. अट फक्त एवढी, की ७२ तासांत विम्याच्या ॲपवर नुकसान कळवायचं, आणि जागेची खूण असलेले फोटो चढवायचे. म्हणजे भात निसवलं, डुक्कर आलं, की आज्याला आयुष्यात पहिल्यांदा नातवाच्या बंदुकीची गरज पडणार आहे. बटणांच्या फोनमध्ये ते ॲप चालत नाही.

आजा बांधावर उभा असेल. समोर रात्रीत लोळवलेलं खाचर. नातू डोळे चोळत आलेला, फोन डोक्याच्या वर धरून चारी दिशांना फिरणारा.

“काय झाला रं?”

“रेंज नाय आबा. फोटो जात नाय.”

“मंग कर कायतरी. तीनच दिस हायत.”

नातू इकडे बघेल, तिकडे बघेल, आणि कुणी न सांगता मेढीला पाय लावून माळ्यावर चढेल.

“आबा, हितं दोन दांड्या येतान! मी हितंच बसतो आता. रात्रीचं जेवण वरती पाठवा.”

“आन डुक्कर आला मंग?”

“थांबा जरा, गेम लोड होतंय.”